तरेमामांचा साडेअकराचा राउंड

सगळ्यात आधी सांगून टाकते, माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता, आणि आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. डोंबिवलीच्या आमच्या घरात मला 'कशावरूनताई' म्हणायचे. कोणी म्हणालं अमक्याच्या अंगात येतं, की मी विचारणार — कशावरून? मावशीच्या स्वप्नात एकदा आजोबा आले आणि दुसऱ्या दिवशी हरवलेली किल्ली सापडली. मी तिला विचारलेलं, आजोबा स्वप्नात न येताही कधी किल्ली सापडली असेल ना, ती का नाही सांगत? मावशी आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती.

इथे लोक लिहितात ते गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते. वाचून नाक मुरडते... आणि तरी वाचते. परवा माझा धाकटा भाऊ मंदार म्हणाला, "ताई, लोकांचे वाचतेस, आपला कधी लिहिणार?" आपला म्हणे. खरं तर तो त्याचाच अनुभव. त्या दिवशी जे झालं ते झालं नसतं, तर हे विचारायला मंदार राहिला नसता. म्हणून लिहायला बसलेय. जमेल तसं सांगते, फाटे फुटले तर सांभाळून घ्या.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. कंपनी कसली, एका गाळ्याच्या माळ्यावर तीन खोल्या. खाली लेथ मशिनची घरघर, वर आम्ही सहा जण आणि दोन कॉम्प्युटर. आमचे केतकर सर कारखान्यांतल्या यंत्रांचे आकडे कॉम्प्युटरवर आणून द्यायची कामं घ्यायचे. तसं एक काम आलं कोलशेतच्या एका केमिकल कारखान्याचं. नाव सांगणार नाही. आता तो तिथे नाहीही, त्या जागी टॉवर झालेत.

कारखान्याच्या शेडमध्ये सहा व्हेसल होती. व्हेसल म्हणजे दोन माणसं आत उभी राहतील एवढं बंद लोखंडी पिंप, बाहेरून थंड पाणी खेळवलेलं. आतला माल आपला आपणच तापायचा, त्यामुळे तापमान साठ-पासष्टच्या आसपास धरून ठेवणं हेच तिथलं मुख्य काम. सत्तरच्या वर गेलं की काळजी. नव्वदला गेलं तर आतला माल उसळून वर येतो, आणि तेव्हा जो झाकण उघडेल त्याचं तोंड शिल्लक राहत नाही. हे मला तिथल्या सुपरवायझरनी पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगितलं.

आणि झाकण उघडणारा होता मंदार. बीएस्सी केमिस्ट्री करून दीड वर्ष घरी बसलेला. मीच तिथे शब्द टाकला आणि त्याला चिकटवला. रोज साडेअकराचा आकडा बघून एक नंबरच्या व्हेसलवर चढायचं, वरचं छोटं झाकण उघडायचं आणि लांब दांड्याच्या कपाने सॅम्पल काढायचं, हे त्याचं काम. आई मला म्हणायची, "तू लावलंयस त्याला तिथे, तूच लक्ष ठेव." मी म्हणायचे, "अगं आई, लक्ष ठेवायलाच तर मी मशिन बसवतेय."

आमचं मशिन येण्याआधी हे लक्ष ठेवायचं काम तरेमामांचं. कोलशेत गावचेच, कोळी. घर खाडीला लागून. साठीला आलेले, अंगाने काटक, कमी बोलणारे. दर अर्ध्या तासाला ते शेडमध्ये राउंड मारायचे. प्रत्येक व्हेसलच्या मानेजवळ थोडं उघडं लोखंड होतं. तिथे उलटा हात नेला न नेला असा धरायचे आणि मोठ्याने आकडा बोलायचे. "एक, बासष्ट." खाली उभा असलेला क्लार्क वहीत लिहून घ्यायचा. मला अर्थातच पटलं नाही. मी तीन दिवस थर्मामीटर घेऊन त्यांच्या मागे फिरले. दोन डिग्रीच्या पलीकडे त्यांचा आकडा एकदाही चुकला नाही. मी गप्प बसले, आणि माझं गप्प बसणं घरच्यांना विचारा किती दुर्मीळ आहे ते.

त्यांच्या राउंडचा क्रम ठरलेला. एक, दोन, मग थेट सहा, पाच, चार आणि शेवटी तीन. शिड्या तशा होत्या म्हणून असेल. पण तीन झालं की खाली न उतरता ते परत एकला जायचे. रोज. प्रत्येक राउंडला.

"मामा, एक तर झालं की आधीच," मी म्हटलं.

"बाय, एकला हात लावला त्याला सात मिन्टं झाली. सात मिन्टांत तो तसाच ऱ्हातो काय? पयल्याला परत हात लावल्याबिगर राउंड पुरा नाय होत."

"म्हणूनच तर कॉम्प्युटर आणतोय. सहाही आकडे एकदम येणार. परत जायची भानगडच नाही."

मामांनी परत एकच्या मानेजवळ उलटा हात धरून बघितला. मग म्हणाले, "आनि तुझ्या सहांतला एखादा बोललाच नाय तर?"

"बोलेल. प्रोग्रॅम मी लिहितेय, मामा."

असं मी बोलले होते. जसंच्या तसं आठवतंय, कारण नंतर ते मला फार टोचलं.

आता प्रोग्रॅमबद्दल थोडं सांगावं लागेल, कंटाळू नका. युनिक्सवर, म्हणजे आमच्या कॉम्प्युटरच्या सिस्टिमवर, एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला जन्म देतो आणि मग ते एकाच वेळी आपापलं काम करत राहतात. त्यांना आमच्यात सरळ आई आणि पोरं असंच म्हणतात. काम संपवून मेलेल्या पोराची आईने दखल घेतली नाही तर ते यादीत तसंच लटकत राहतं, त्याला झाँबी म्हणतात. भूत म्हणून मला माहीत होतं ते एवढंच. तर माझी सहा पोरं होती. एकेकाने एकेका व्हेसलच्या तापमानाच्या मीटरच्या वायरला कान लावून बसायचं आणि आकडा आला की आईला नेऊन द्यायचा. आईने सहा आकडे गोळा केले की प्रिंटरवर सहा ओळी छापायच्या, दर दहा मिनिटांनी.

गोळा करण्यातच सगळी मेख असते. आधी मी आईला नंबराने विचारायला लावलेलं. मग दोनला उशीर झाला की बाकीचे चार हातात आकडे घेऊन ताटकळत उभे. म्हणून बदललं. जो आधी येईल त्याचा आधी घ्यायचा, त्याची ओळ आधी छापायची, सहा मोजायचे आणि थांबायचं. त्यामुळे ओळींचा क्रम दरवेळी वेगळा. फक्त सहा नंबर कायम शेवटी, कारण त्याचं मीटर जुनं होतं आणि रडतखडत आकडा द्यायचं. एवढं लक्षात ठेवा.

कारखान्याच्या मालकांसमोर डेमो होता त्या दिवशी एक वायर सैल झाली. पाच पोरं आली, सहावं आलंच नाही, आणि आई त्याची वाट बघत बसून राहिली. स्क्रीन ठप्प. मालक घड्याळ बघतायत, केतकर सरांचा घाम निघतोय. परत येताना सर म्हणाले, "काहीही कर, पण प्रिंटआउटवर सहा ओळी दिसल्याच पाहिजेत."

मी एक बदल केला. पोराला नवा आकडा मिळाला नाही तर त्याने मागचाच आकडा आईला द्यायचा. झालं काम. दोन ओळींचा बदल, पाच मिनिटं लागली, त्यावर मी वडापाव खायला गेले. आता कळतं की चूक पूर्णपणे माझी होती. सरांनी सहा ओळी मागितल्या होत्या, शिळ्या ओळी नव्हत्या मागितल्या.

एप्रिलअखेर तरेमामा रिटायर झाले. शाल, नारळ, एक स्टीलचा डबा. जाण्याआधी ते शेडजवळ आमच्या कॉम्प्युटरसाठी केलेल्या काचेच्या केबिनमध्ये आले. प्रिंटरमधून कागद सरकत होता तो बघत राहिले.

"समदे बोलतात काय?"

"सहाच्या सहा, मामा."

"पयल्याला परत इचारतं काय तुझं मशिन?"

मी हसले. "मामा, आता घरी जाऊन आराम करा."

ते पण हसले. गेटपर्यंत जाईपर्यंत दोनदा मागे वळून शेडकडे बघितलं त्यांनी, ते मात्र मला दिसलं.

मेचा शेवटचा आठवडा. गुरुवार होता. काम कारखान्याच्या ताब्यात द्यायचं म्हणून मी सकाळपासून केबिनमध्ये बसलेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. साडेअकराला प्रिंटर सुरू झाला. त्याच वेळी मंदार सॅम्पलचा कप घेऊन दारात आला.

"ताई, एक नंबर?"

कागदावर पहिलीच ओळ एकची होती. मी वाचली. "बासष्ट. जा."

तो गेला. मी सांगितलं म्हणून गेला. 

मी कागद फाडून घेतला आणि डोकंच फिरलं. सहाऐवजी सात ओळी. काम ताब्यात द्यायच्या दिवशी बग. सहा मोजून थांबायचं असं मी लिहिलंय, स्वतः लिहिलंय, मग हा सातवा आला कुठून... मी पेन घेतलं आणि ओळींवर टिकमार्क करत गेले. एक, बासष्ट. दोन, एकसष्ट. सहा, त्रेसष्ट. इथे मी अडखळले. सहा नंबर तिसरा? तो तर कधीच आधी येत नाही. पुढे पाच. चार. तीन. आणि सातवी ओळ परत एकची.

एक, एक्क्याण्णव.

क्रम मी पुन्हा वाचला. एक, दोन, सहा, पाच, चार, तीन, एक. तरेमामा शिडीवरून शिडीवर जाताना माझ्या डोळ्यासमोर आले. खोटं कशाला सांगू, मी काही विचार केला नाही. विचार केला असता तर 'कशावरून' म्हणत बसले असते आणि प्रोग्रॅम उघडला असता. मी उठले आणि पळत सुटले. चप्पल केबिनच्या पायरीवर राहिली.

शेडमध्ये मोटरींचा आवाज एवढा असतो की ओरडून उपयोग नाही. मंदार एक नंबरच्या वर चढलेला. झाकणाला चार नट असतात, त्यातले दोन त्याने सोडवलेले, तिसऱ्याला पान्हा लावलेला. मी शिडीवर चढले आणि खालून त्याची पँट धरून ओढली.

"ताई, येडी झालीस काय? पडेन ना मी."

"हात लाव."

"काय?"

"मानेला. उलटा हात लाव."

त्याला काही कळलं नाही, पण मोठ्या बहिणीचं ऐकायची सवय. उलटा हात नेला, आणि टेकायच्या आधीच मागे घेतला. माझ्याकडे बघितलं.  मग त्याने तेच दोन्ही नट परत आवळले. एवढे शांतपणे आवळले की मला त्याचं आजही कौतुक वाटतं. मग आम्ही उतरलो आणि सुपरवायझरना गाठलं.

पुढे सगळी धावपळ. व्हेसलच्या मागच्या बाजूला एक जुना काट्याचा गेज होता, कॉम्प्युटर आल्यापासून त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. सुपरवायझरनी फडक्याने काच पुसली. काटा नव्वदच्या जरासा पुढे होता. शेड रिकामी केली, बाहेरून पाण्याचे पाइप सोडले, वरच्या नळीतून वाफ निघून गेली. तासाभराने काटा खाली यायला लागला. कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. मंदार फाटकाजवळच्या बाकावर बसून होता, हातात तो सॅम्पलचा कप तसाच. मी त्याच्या शेजारी अनवाणी बसले. 

केतकर सर वागळे इस्टेटहून धावत आले. "तुला कळलं कसं?" मी म्हणाले, "गेज बघितला." चक्क खोटं बोलले. काय सांगणार होते?

संध्याकाळपर्यंत अर्धं कोडं सुटलं. थंड पाण्याच्या लाइनमध्ये गाळ अडकला होता म्हणून व्हेसल तापत गेलं. आणि एक नंबरची केबल जमिनीजवळ घुशीने कुरतडून तोडलेली. खाडीकाठच्या कारखान्यात घुशींना काय तोटा. म्हणजे अकराच्या आधीपासून एक नंबरच्या पोराला काही ऐकूच येत नव्हतं, आणि ते शहाणं पोर, मी शिकवल्याप्रमाणे, आईला मागचाच आकडा देत होतं. बासष्ट. बासष्ट. बासष्ट.

पण मग एक्क्याण्णव कुठून आला? तुटलेल्या केबलमधून तर नाही. मी तीन दिवस प्रोग्रॅम पिंजून काढला. आधीच्या एखाद्या ट्रायलचं पोर मागे जिवंत राहिलं असेल आणि त्याने जुना आकडा दिला असेल, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं. चांगला मुद्दा होता, मलाही तोच हवा होता. पण ट्रायलला मी पंचवीस आणि पन्नास सोडून दुसरे आकडे कधी वापरलेच नव्हते. आणि समजा दिला, तरी सहा मोजून थांबणारी आई सात छापेल कशी? जुने सगळे प्रिंटआउट काढून बसले. सहा नंबर तिसरा आलाय असा एकही कागद सापडला नाही. साडेअकरानंतरचा, अकरा चाळीसचा कागदसुद्धा बघितला. सहा ओळी, नेहमीसारख्या वेड्यावाकड्या, सहा नंबर शेवटी. आणि एक नंबर, बासष्ट.

मंदारला तो कागद दाखवला तेव्हा त्याने क्रमावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे तर मामा." मग म्हणाला, "ताई, आपण त्यांच्याकडे जाऊया."

रविवारी गेलो. आईने रव्याचे लाडू दिलेले. तिला आम्ही खरं काय ते सांगितलं नव्हतं, नुसतं म्हटलं मामांना भेटायला जातोय. घर अगदी शेवटचं, मागे चिखल आणि दोन होड्या उपड्या घातलेल्या. मामा ओटीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. मामींनी पाणी आणलं.

"मामा, कारखान्यात काय झालं ते कळलं का?"

"कारखान्यात? नाय. काय झाला?"

आता हे मी आधीच कबूल करते, कोलशेतसारख्या गावात तीन दिवस बातमी लपते यावर माझा विश्वास नाही. मालकांनी सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, पण कोणीतरी बोललं असेलच. त्यामुळे पुढचं सगळं ऐकताना मी कान टवकारून होते. मी सांगायला सुरुवात केली. 'गुरुवारी साडेअकराला' एवढं म्हणते तोच मामी मध्ये बोलल्या.

"गुरवारी? गुरवारीच ना वो तुमी हात झटकला?"

"गप गो," मामा म्हणाले.

"गप काय? अगो बाय, रोजचाच हाय यांचा. साडेअकरा झाले का जालं खाली ठेवतात, डोले मिटतात नि हात फिरवत बसतात. मी इचारते, काय करता? तर बोलतात, राउंड मारतो."

मामा खरोखर लाजले. जाळ्याची गाठ उगाच सोडत आणि बांधत बसले. मग म्हणाले, "तीस वर्सांची सवय. बाकीचे राउंड सुटले. पन यो नाय सुटत. याच्या मागून पोरगा झाकन उघरतो ना." आणि मंदारकडे बघितलं.

मी विचारलं, "मग गुरुवारी काय झालं?"

"काय नाय. एक, दोन, सहा, पाच, चार, तीन, समदे बरोबर. परत एकला आलो नि हात पोलला."

"किती होतं?"

त्यांनी डोळे मिटले आणि उलटा हात पुढे केला, हवेत. "नव्वदीच्या वर. एक डिगरी."

मामी म्हणाल्या, "मना बोलले पानी आन. मी हातावर वतला पानी. हातावर काय नव्हता."

मी कशावरूनताईच. म्हटलं, "मग धावत कारखान्यात का नाही आलात?"

"मना वाटलं, म्हातारपन. बसल्या जागी राउंड मारनारा मानूस, कोनाला जाऊन काय सांगू? पन आकडा बोललो मी. मोठ्यान बोललो. वहीवाला खाली उभा ऱ्हायचा ना, तसा बोलायची सवय हाय. एक, एक्यान्नव. इथं ऐकाया कोन होता?"

 मी पिशवीतून प्रिंटआउट काढला आणि त्यांच्यासमोर धरला. मामांना आकडे वाचता यायचे. त्यांनी पहिल्या ओळीपासून बोट ठेवत सातवीपर्यंत नेलं. चष्मा काढला. मला म्हणाले, "म्हंजे तुझ्या मशिननी परत इचारलान."

मी 'नाही' म्हणाले. खरंच म्हणाले. "नाही मामा, माझ्या मशिनने नाही विचारलं. मी त्याला शिकवलंच नव्हतं." आणि मला रडू फुटलं. लोकांसमोर मी रडत नाही, पण तिथे त्या ओटीवर लाडवाचा डबा मांडीवर घेऊन हुंदके देऊन रडले. मामींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मंदार उठला आणि मामांच्या पाया पडायला वाकला. मामांनी त्याला अर्ध्यातच धरलं. "मी काय केला रे? मी तर इथंच बसलेला." पण त्याला सोडलं नाही. त्यांनी उजवा हात उलटा केला, आणि रोज व्हेसलजवळ नेत तसाच, टेकला न टेकला असा, मंदारच्या मानेजवळ धरला. डोळे मिटले. 

"सदतीस," मामा म्हणाले. "बरोबर हाय."

त्यानंतर मामींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि निघताना वर्तमानपत्रात सुके बोंबील बांधून दिले. त्या वासाने परतीच्या बसमध्ये सगळे आमच्याकडे बघत होते आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

सोमवारी मी पहिलं काम केलं ते त्या दोन ओळी काढून टाकण्याचं. पोराला आकडा मिळाला नाही तर त्याने तसं सांगायचं, मागचा द्यायचा नाही. आणि सहा गोळा झाले की आईने पहिल्याला परत विचारायचं. केतकर सर कुरकुरले, पण मी ऐकलं नाही. पुढे मी मोठ्या कंपन्यांत गेले, मोठी मशिनं आली, सहाच्या जागी शेकड्यांनी पोरं आली. जिथे जिथे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं तिथे ते परत विचारणं मी घातलंच. नवीन मुलंमुली विचारायची, "मॅडम, हे कशासाठी? वेळ जातो उगाच." मी म्हणायचे, "पहिल्याला परत हात लावल्याशिवाय राउंड पुरा होत नाही." त्यांना वाटायचं मॅडमची काहीतरी जुनी म्हण आहे.

मामा काही वर्षांनी गेले. मामींनी निरोप धाडला, मंदार खांदा द्यायला गेला. मी त्या दिवशी माझ्या ऑफिसात साडेअकराला मुद्दाम स्क्रीनसमोर बसून राहिले. काहीही झालं नाही. सगळे आकडे आपापल्या वेळी आले, जसे यायला हवे तसे.

इथे कोणाला माझ्या प्रोग्रॅमिंगमधली चूक शोधून काढायची असेल तर खुशाल काढा, मी भांडणार नाही. मीही अजून शोधतेय. सहा आकडे सातशे वीस प्रकारे एकामागोमाग येऊ शकतात, तेव्हा तो क्रम योगायोगाने आला असं एक वेळ मी मानीन. पण सातवी ओळ कुठून आली, ते मला आजही सांगता येत नाही.

तो प्रिंटआउट माझ्याकडे आहे. पिवळा पडलाय, घड्या तुटायला आल्यात. त्या रविवारी घरी आल्यावर मी सातव्या ओळीच्या खाली पेनाने आणखी एक ओळ लिहिली, माझ्या हाताने. ती कुठून आली ते मला पक्कं माहीत आहे.

मंदार, सदतीस.